परदेशी निघालेल्या आईवडिलांचा विमा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला परदेशवारीच्या तयारीवरचा लेख वाचला. लोणच्याची बरणी कशी गुंडाळावी, विमानात पाय सुजू नयेत म्हणून काय करावं, सगळं तपशीलवार दिलं आहे. विम्याला मात्र शेवटी अर्धी ओळ, तीही जमलं तर काढा अशा सुरात. त्याचा राग आला म्हणून हे पत्र.

युरोपला जाणारे विमा काढतात, कारण शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणाऱ्या व्हिसासाठी, किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय कवच दाखवावंच लागतं. अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसाला तशी अट नाही. त्यामुळे दवाखान्याचा खर्च जिथे अंगावर काटा आणतो, तिथेच आपली माणसं विम्याशिवाय जातात. आणि जातात कोण? साठी ओलांडलेले, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असलेले, लेकीच्या बाळंतपणासाठी महिनोन् महिने राहणारे.

माझी नणंद अशीच न्यू जर्सीला गेली. 'बाळंतपण उरकून यायचं, मला काय होतंय' म्हणून तिने विमा नाकारला. एका रात्री तिच्या छातीत दुखू लागलं. जावयांनी ॲम्ब्युलन्स बोलावली. स्ट्रेचरवर झोपवलं तरी ती लेकीचा हात धरून एकच विचारत होती, 'किती पैसे होतील गं?' तपासण्या झाल्या, दोन दिवसांनी घरी सोडलं. मग पाकिटं यायला लागली. ॲम्ब्युलन्सचं बिल वेगळं, हॉस्पिटलचं वेगळं, इमर्जन्सीत पाहिलेल्या डॉक्टरचं वेगळं, स्कॅन वाचणाऱ्याचं आणखी वेगळं. संपलं असं वाटावं आणि नवं पाकीट यावं. जावयांनी हप्ते बांधून घेतले, शब्दाने बोलले नाहीत. पण पुढे काय झालं ते मला जास्त लागलं. महिन्याभराने तिला पुन्हा तसंच दुखलं, आणि तिने घरात कुणाला कळूच दिलं नाही. ओवा चावला आणि सकाळपर्यंत सोफ्यावर बसून राहिली. हे तिने मला इथे परत आल्यावर सांगितलं. त्या रात्री तिचं काही बरंवाईट झालं असतं तर?

'तिकडे इमर्जन्सीत कुणालाच परत पाठवत नाहीत' असं छातीठोकपणे सांगणारे बरेच भेटतात. १९८६ पासून तिथे तसा कायदा आहे खरा, आणि तो चांगलाच आहे. पण तो उपचार नाकारू देत नाही एवढंच. बिल माफ करत नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या लेखात यायला हवी होती. इथल्या कंपनीचा विमा प्रवासाला निघण्याआधीच काढावा लागतो. तिथे पोचून, दुखायला लागल्यावर, इथल्या कंपनीला फोन करून काही होत नाही. आणि फॉर्म स्वतः भरावा. आमच्या ओळखीच्या एका एजंटाने शेजाऱ्यांच्या फॉर्मवर जुन्या आजारांच्या रकान्यात सरळ 'नाही' लिहून टाकलं होतं, का तर हप्ता वाढू नये. शेजारी तर वर्षानुवर्षं मधुमेहाच्या गोळ्या घेणारे! असा क्लेम कंपनी नाकारणार, आणि आपल्याला तोंड उघडायला जागा राहणार नाही. जुन्या आजारांना बऱ्याच पॉलिसींत कवच नसतं, किंवा जिवावर बेतलं तरच आणि ठरावीक रकमेपर्यंत मिळतं. ते आधी विचारून घ्यावं, जमल्यास लेखी घ्यावं.

विम्याचा विषय निघालाच आहे तर रेल्वेबद्दलही लिहिते. आयआरसीटीसीवर तिकीट काढताना विम्याचा पर्याय घेतला की ४५ पैशांत मृत्यूसाठी १० लाखांचा आणि जखमी झाल्यास उपचारांसाठी २ लाखांपर्यंतचा अपघात विमा मिळतो. हाच विमा आरक्षणाच्या खिडकीवर तिकीट काढणाऱ्याला मिळत नाही. गाडी तीच, डबा तोच, शेजारचा बर्थ. मिरज स्टेशनवर रांगेत उभी असलेली वयस्कर माणसं मोबाइलवर तिकीट काढू शकत नाहीत, एवढाच त्यांचा गुन्हा. ऑनलाइनवाल्यांनाही वारसाचं नाव नंतर आलेल्या लिंकवर जाऊन भरायचं असतं, ते किती जण भरतात? या प्रश्नावर तुमच्या वार्ताहराने रेल्वेच्या अधिकाऱ्यांना गाठून उत्तर छापावं, अशी विनंती आहे.

सुट्ट्यांची पुरवणी पुन्हा निघेल तेव्हा विम्याच्या फॉर्मवर अर्धं पान द्या. जागा हवी असेल तर बॅग भरण्याच्या सूचना कमी करा.

कळावे,
एक वाचक, मिरज