जुन्या बाजारातल्या चाचांना, त्या पिशवीबद्दल

चाचा, सलाम.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही, तुमचा नातू वाचून दाखवेल. त्याला सांगून ठेवलंय की मधे मधे हसू नको, आधी पूर्ण वाच. तोंडावर आभार मानायला गेलो तर तुम्ही नेहमीसारखं "चाय पियेगा क्या" म्हणून विषय बदलणार, म्हणून म्हटलं लिहूनच टाकू आणि चार लोकांना पण कळू दे.

जे तुम्हाला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. पुण्याचा जुना बाजार, बुधवार आणि रविवार. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी एक निळी ताडपत्री, त्यावर चार्जर, रिमोट, बिनझाकणाचे मिक्सर, कुलपं आणि एका कोपऱ्यात प्लॅस्टिकची खेळणी. तिथे पहिल्यांदा थांबलो तेव्हा तुम्ही विचारलंत, "साहेब, पोरासाठी का?" मी म्हटलं नाही, माझ्यासाठी. तुम्ही वरपासून खालपर्यंत बघितलंत, टक्कल, चष्मा, ऑफिसची बॅग, आणि काहीही न बोलता अख्खा ढीग माझ्याकडे सरकवलात. त्या न बोलण्यासाठी पहिला थँक यू, कारण घरी माझ्या छंदाबद्दल जे बोललं जातं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता छंद काय, तर डब्ल्यूडब्ल्यूएफचे, म्हणजे टीव्हीवरच्या त्या अमेरिकन कुस्तीतल्या पैलवानांचे, जुने बाहुले. डब्ल्यूडब्ल्यूई म्हणत नाही कारण ते नाव २००२ ला आलं, आमचं सगळं त्याच्या आधीचं. १९८४ ते ८९ अमेरिकेत एलजेएन कंपनीने भरीव रबराचे आठ इंची पैलवान काढले, कुठेही सांधा नाही, जड असे की भावाला फेकून मारला तर टाके पडावेत, आणि रंग असा की नाकावरचा, भुवईवरचा आधी उडतो. मग १९९० ते ९४ हॅस्ब्रोचे आले, साडेचार इंची, कडक प्लॅस्टिक, आत स्प्रिंग, कुणी उडी मारतो, कुणी मिठी मारतो, कुणी नुसताच हात आपटतो. माझा जीव या हॅस्ब्रोंवर. त्यात कमाला म्हणून एक आहे, पोटावर पिवळी चांदणी रंगवलेला. चांदणीच्या जागी चंद्रकोर असलेले अगदी मोजके नग बाहेर आले आणि जगभरचे लोक त्या एका चंद्रासाठी वेडे झालेत. पोटावरच्या रंगाच्या एका ठिपक्यासाठी! मी हसतो खरा पण मिळाला तर घर गहाण टाकीन, बायकोने हे वाचू नये.

पण आमच्या गावात, सांगलीकडे, यातलं काहीच कधी दिसलं नाही. आमच्याकडे या पैलवानांच्या फोटोंची ट्रम्प कार्डं होती आणि जत्रेतले नकली बाहुले. १९९६, मी चौथीत, जत्रेत वडिलांच्या मागे लागून एक अंडरटेकर घेतला, म्हणजे त्या नावाच्या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पैलवानाचा नकली बाहुला, काळा डगला, काळी टोपी आणि हात हिरवे. हिरवे का ते देवाला ठाऊक, बहुतेक कारखान्यात त्या दिवशी तोच रंग शिल्लक होता. कपाळावर आडवी एक वर आलेली रेघ होती, मी पोरांना सांगायचो की ही जखम आहे, खुर्ची लागली होती त्याला. आमचे आजोबा तालमीतले, शाहू महाराजांच्या खासबागेत कुस्त्या बघून आलेले, ते केबलवर ही मारामारी बघून हातातला तांब्या खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "आरं ही नुरा कुस्ती हाय, चितपट कुठं झाला त्यो?" नुरा म्हणजे आधीच ठरवून केलेली. मला फार राग यायचा. आणि त्याच वर्षी अक्षय कुमारच्या पिक्चरमध्ये अंडरटेकर आला आणि हरला, शाळेत दोन तट पडले, मी तर जेवलो नाही. तो खरा अंडरटेकर नव्हताच, ब्रायन ली नावाचा दुसराच पैलवान होता, हे कळायला मला पंधरा वर्षं लागली. याच ब्रायन लीने १९९४ च्या समरस्लॅमला, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफच्या मोठ्या कार्यक्रमात, शिकागोत खोटा अंडरटेकर बनून खऱ्याशी लढत दिली होती, खऱ्याने जांभळे ग्लोव्हज घातलेले, खोट्याने राखाडी, म्हणजे ओळखायचं तर हातावरून. आणि माझ्याकडे हिरव्या हाताचा तिसराच! नुरा कुस्तीतल्या पैलवानाचा जत्रेतला डुप्लिकेट. आजोबांना हे कळलं असतं तर तांब्या फेकूनच मारला असता.

तो बाहुला दहावीच्या सुट्टीत रद्दी-भंगारबरोबर गेला. आई म्हणते मीच दिला, मी म्हणतो तिने दिला, हा खटला अजून चालू आहे.

तर चाचा, मुद्द्यावर येतो. नोकरी लागल्यावर मी ओरिजिनलच्या मागे लागलो आणि एकदा ऑनलाइन एकाकडून कार्डवरचा सीलबंद हॅस्ब्रो अंडरटेकर घेतला, म्हणजे छापील पुठ्ठ्यावर प्लॅस्टिकच्या फुग्यात बंद असलेला, किती दिले ते तुम्हाला माहितीये, इथे सांगत नाही. बाजारात मिरवायला घेऊन आलो. तुम्ही हातात घेतलात आणि पहिल्यांदा वास घेतलात. मग शेजारच्या घड्याळवाल्याकडून डोळ्याला लावायचं भिंग मागितलंत, कार्डचा कोपरा बघितलात आणि भिंग माझ्या हातात दिलंत. "बघा." मला काहीच कळेना. तुम्ही बाजूच्या ढिगातून एक जुनं बिस्किटाचं खोकं उचललंत, म्हणालात आता हे बघा. खोक्यावर रंगाचे ठिपके रांगेत, मोजून बसवल्यासारखे, छापखान्याचे. माझ्या कार्डवर ठिपके कसेही उडालेले, पिचकारी मारल्यासारखे. घरच्या प्रिंटरचं काम. मग फुग्याची कड दाखवलीत, तीस वर्षांचं प्लॅस्टिक पिवळं पडायला पाहिजे तर हे काचेसारखं, आणि गोंद कडेने चमकत होता. कार्ड ब्लेडने कापलेलं, कडेला जुन्या पुठ्ठ्याचे तंतू कुठेच नाहीत. "माल खरा हाय साहेब, कपडे खोटे." आतला बाहुला खरंच ओरिजिनल होता, लूज, म्हणजे कार्डाशिवाय सुटा, विकला असता तर चौथा हिस्सा पण मिळाला नसता, म्हणून त्याला नवे कपडे शिवले होते. मला तिथेच उन्हात बसावंसं वाटलं आणि तुम्ही बसायला मिक्सरचं खोकं दिलंत.

त्या दिवशी मला कळलं की तुम्ही मुंबईत गाळ्यात मोल्डिंगच्या मशीनवर अकरा वर्षं होतात. मी विचारलं खेळणी पण काढायचात का, तर तुम्ही लाजलात! म्हणालात सगळं काढायचो, साबणदाणी, कंगवे, सेठ जे आणेल ते. सेठ एक बाहुला आणायचा, त्यावरून डाय म्हणजे साचा बनायचा, प्लॅस्टिकचा दाणा टाकायचा, हँडल ओढायचं. आणि मग जे सांगितलंत ते मला पैसे देऊन कुणी शिकवलं नसतं. म्हणजे प्लॅस्टिक थंड होताना आकसतं, शेकडा एक-दीड, त्यामुळे बाहुल्यावरून काढलेला बाहुला नेहमी बुटका. तुम्ही माझा खरा आणि ढिगातला एक नकली पाठीला पाठ लावून उभे केलेत तर बरोबर काडेपेटीच्या काडीच्या जाडीएवढा फरक. खऱ्याच्या अंगावर बारीक अक्षरात टायटन स्पोर्ट्स असं, डब्ल्यूडब्ल्यूएफच्या मालक कंपनीचं नाव असतं, ते नकलीत एकतर बुजवलेलं असतं किंवा मुंग्या चालल्यासारखं दिसतं. वाया गेलेला माल दळून परत घातला की रंग गढूळ येतो, म्हणून स्वस्तातले बाहुले काळे किंवा चॉकलेटी जास्त, काळ्यात सगळं खपतं. आणि डायला ओरखडा पडला की प्रत्येक नगावर तीच रेघ वर येते, तीच, त्याच जागी, सेठ म्हणायचा चलता है.

मी तेव्हा कपाळावरच्या रेघेबद्दल बोललो होतो, आठवतंय? हिरवे हात, कपाळावर रेघ. बोलण्याच्या ओघात, एकदाच. तुम्ही चहाचा ग्लास ठेवलात आणि गिऱ्हाइकाला कुलूप दाखवायला लागलात, मला वाटलं ऐकलंच नाही.

मग पावसाळ्यात वडिलांना ॲडमिट केलं आणि मी तीन आठवडे बाजारात फिरकलोच नाही. तिकडे तुम्हाला बंद पडलेल्या खेळण्यांच्या दुकानाचा लॉट मिळाला, त्यात नकली पैलवानांची पिशवी. एका कलेक्टरने तुम्हाला पंधराशे देऊ केले होते हे मला तुम्ही नाही, घड्याळवाल्याने सांगितलं. तुम्ही त्याला म्हणालात गिऱ्हाईक ठरलंय. ठरलं कुठे होतं चाचा, मी तर एक रुपया दिला नव्हता, माझा नंबर पण नव्हता तुमच्याकडे! तीन आठवडे म्हणजे सहा बाजार, दर वेळी ती पिशवी घरून आणायची आणि परत न्यायची, पावसात, ताडपत्रीखाली.

मी आलो तेव्हा तुम्ही आधी विचारलंत चेहरा का उतरलाय. वडिलांचं सांगितलं. मग पिशवी दिलीत.

तेवीस नग. तीन हल्क होगन, तो पिवळ्या चड्डीचा मिशीवाला पैलवान, त्यातल्या एकाचं डोकं ही-मॅन या कार्टूनमधल्या हिरोच्या धडावर. अल्टिमेट वॉरियर या पैलवानासारखं तोंड रंगवलेला एक, पण मिश्या पण काढलेल्या, म्हणजे दोन पैलवानांचं काम एकात. एक चेहरा कुणाचा आहे हे अजून कळलेलं नाही, मला तो आमच्या भूगोलाच्या सरांसारखा वाटतो. माझ्याकडे मावसभावाने मेक्सिकोहून आणलेला चंदेरी मुखवट्याचा एल सांतो आहे, तिकडच्या बाजारात असे लुचादोर पैलवान मिळतात, एकाच तुकड्यातले, हात पसरलेले, कडेला प्लॅस्टिकची झालर तशीच राहिलेली. त्याच्या शेजारी तुमचे तेवीस उभे केले तर सख्खे भाऊ वाटतात. कुणीही कुणाला फसवत नाहीये, सगळे बिनधास्त खोटे आहेत. माझ्या त्या महागड्या कार्डपेक्षा हे मला जास्त इमानदार वाटतात, नुसतं कौतुकाने नाही म्हणत, खरंच.

आणि तळाशी तो. टोपी तुटलेली, हात हिरवे. मी अंगठा कपाळावर फिरवला. रेघ होती.

माझाच तो असेल असं मी म्हणत नाही, त्या डायमधून हजारो निघाले असतील आणि प्रत्येकाच्या कपाळावर तीच जखम असेल. म्हणजे अजून कुठल्या तरी गावात कुठल्या तरी पोराने पण सांगितलं असेल की याला खुर्ची लागली होती. मी तिथे ताडपत्रीशेजारी उभा राहून जरा वेळ काही बोललो नाही आणि तुम्ही पण नाही, फक्त घड्याळवाला म्हणाला, "काय झालं, फुटकाय का?"

किती द्यायचे विचारलं तर तुम्ही तीनशे म्हणालात. मी पंधराशेचं कळल्यावर पुढच्या बुधवारी परत आलो, बाकीचे द्यायला, तर तुम्ही चिडलात. पहिल्यांदाच तुम्हाला चिडलेलं बघितलं. "धंदा झाला तो झाला." मग मी चहा पाजतो म्हटलं तर तो पण तुम्हीच पाजलात.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे सगळे कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुतले, थिनर लावला नाही. चिकट झालेले मऊ बाहुले मी आधी हौसेने पारदर्शक डब्यात ठेवायचो आणि एकाचा पाय डब्यालाच विरघळून चिकटला होता, आता सगळे सुती कापडावर मोकळ्या हवेत. बायको म्हणते धुणं वाळत घातल्यासारखं दिसतं. वडील आता बरे आहेत, घरी आलेत, परवा त्यांनी तो अंडरटेकर हातात घेऊन विचारलं, "हा जत्रेतला ना? साडेसात रुपयांना होता, तू रडून घेतलास." मला किंमत आठवत नव्हती. त्यांना आठवत होती. आणि मला दिसतंय की खटल्यात आता नवा साक्षीदार मिळालाय, आईला बोलवायला पाहिजे.

२०२५ च्या जुलैत होगन गेला तेव्हा तुम्ही लांबूनच ओरडला होतात, "साहेब, तुमचा तो पिवळ्या चड्डीवाला गेला म्हणे!" अख्ख्या बाजाराने वळून बघितलं. त्या दिवशी ऑफिसात मला कुणी काही विचारलं नव्हतं, विचारणार पण कोण. तुम्ही विचारलंत. त्याचे पण आभार यातच धरा.

या रविवारी येतोय. दोन वस्तू घेऊन येतो, एक म्हणजे घड्याळवाल्याला नवीन भिंग, कारण त्याचं जुनं मी त्या दिवशी खिशात घालून घरी आणलं आणि तो बिचारा तेव्हापासून शोधतोय, त्याला तुम्ही आधी सांगू नका. आणि दुसरं म्हणजे तो ही-मॅनच्या धडाचा होगन, तुमच्या नातवासाठी. त्याने मागच्या वेळी दोनदा हातात घेऊन परत ठेवला होता, मी बघितलं. त्याला सांगा डब्यात घालून ठेवायचा नाही, खेळायचा, आपटायचा.

चहा या वेळी मी सांगणार. घड्याळवाल्याकडे पैसे आधीच देऊन ठेवतो.

तुमचा,
हिरव्या हातवाला साहेब