३० सप्टेंबर: केशरी शर्ट विसरू नका

मंडळी नमस्कार, ३० तारखेला ऑरेंज शर्ट डे आहे, त्यामुळे भजनाला सगळ्यांनी केशरी घालून या, आणि हो, हा आपला भगवा नाही बरं का! १९७३ मध्ये कॅनडातल्या मूळ रहिवाशांपैकी सहा वर्षांच्या फिलिस वेबस्टॅडला आजीने नवा केशरी शर्ट घेऊन दिला होता, तो चर्चच्या निवासी शाळेत पहिल्याच दिवशी काढून घेतला, परत मिळालाच नाही. मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून तोडणाऱ्या अशा शाळांबद्दल पोप फ्रान्सिसनी २०२२ मध्ये कॅनडात येऊन माफी मागितली.

आपला काय संबंध असं मागे कोणीतरी विचारलेलं. अहो, मिसिसॉगा हे आपल्या शहराचं नावच तिथल्या मूळ रहिवाशांचं आहे, आणि २०२१ पासून नागरिकत्वाच्या शपथेतही त्यांच्या हक्कांचा उल्लेख आहे, नवीन सिटिझन झालेल्यांनी तर तो स्वतः म्हटलाय.

गणपतीत आपण ते भूमीचं निवेदन (ही जमीन मुळात कोणाची ते कार्यक्रमाआधी म्हणतात ते) आरतीच्या घाईत उरकलं, अनिशिनाबे हा त्या मूळ रहिवाशांच्या समाजाचा शब्दसुद्धा धड म्हटला नाही, मला तरी लाज वाटली. यावेळी त्यांच्यातल्या एक आजी बोलायला येणारेत. मान म्हणून तंबाखू द्यायची त्यांची रीत आहे, हसू नका, आपल्या पानसुपारीसारखंच समजा. ती मी आणतो. फोटो त्यांना विचारूनच काढा.

चहा-पोहे नंतर. किती जण येताय ते सांगा प्लीज.