कुलगुरूची खुर्ची उद्योगाला देण्याआधी प्राध्यापकांच्या जागा भरा

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सन्माननीय मंत्रिमहोदय, सप्रेम नमस्कार.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत शिकवणाऱ्यांच्या वतीने हे पत्र. विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये काढलेल्या नियमांच्या मसुद्यात कुलगुरूपदाची एक नवी वाट उघडली आहे. २०१८ च्या नियमांत अट होती की उमेदवाराने दहा वर्षे विद्यापीठात प्रोफेसर म्हणून काढलेली असावीत, नाहीतर तितकीच वर्षे नामांकित संशोधन वा शैक्षणिक प्रशासन संस्थेत. मसुद्याने त्यात उद्योग, लोकप्रशासन, सार्वजनिक धोरण आणि सार्वजनिक उपक्रम यांतले वरिष्ठ पदावरचे लोक आणले. विद्वत्तेचे भरीव योगदान हवे, असे एक वाक्य आहे, पण ते मोजायचे कसे हे निवड समितीवर सोडले आहे. शिवाय समितीत राज्य सरकारचा प्रतिनिधीच नाही. म्हणजे हा प्रश्न जितका आमचा, तितकाच आपल्या खात्याचाही आहे.

उद्योगाशी आमचे वैर नाही. खानदेशात शिक्षण उभे राहिले ते व्यापाऱ्यांच्या पैशावर. अमळनेरला गिरणीमालक प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभारले. तिथले काम प्रा. मलकानींसारख्या अभ्यासकांनी चालवले आणि तिथून निघणारे तत्त्वज्ञानाचे त्रैमासिकही त्यांनीच संपादित केले. पैसा शेठजींचा, अभ्यासाचा कारभार अभ्यासकांचा, ही वाटणी इथे शंभर वर्षांपूर्वी ठरली. १९९० मध्ये जळगावला विद्यापीठ झाले तेव्हा पहिले कुलगुरू नि. के. ठाकरे गणिताचे प्राध्यापक होते. माळरानावर विद्यापीठ त्यांनीच उभे केले.

अमेरिकेत हा प्रयोग करून झाला आहे, तो तरी नीट पाहा. नॉव्हेल या सॉफ्टवेअर कंपनीचे वरिष्ठ अधिकारी टिम वुल्फ २०१२ मध्ये मिसुरी विद्यापीठ समूहाचे अध्यक्ष, म्हणजे आपल्याकडच्या कुलगुरूसारखे प्रमुख, झाले. काही महिन्यांतच, १९५८ पासून चालणारी विद्यापीठाची प्रकाशन संस्था बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. वाचणार होते वर्षाला सुमारे चार लाख डॉलर. लेखक आणि प्राध्यापक उठले, आणि त्याच वर्षी निर्णय मागे घ्यावा लागला. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये वंशभेदाच्या तक्रारींवर अध्यक्ष हलत नाहीत म्हणून एक विद्यार्थी उपोषणाला बसला, फुटबॉल संघाने खेळायला नकार दिला, आणि ९ तारखेला वुल्फ यांनी राजीनामा दिला. आयोवा विद्यापीठात अध्यक्ष म्हणून आले ते आयबीएमचे माजी अधिकारी ब्रूस हॅरेल्ड. २०१५ मध्ये निवड झाली तेव्हा सर्वेक्षणात उत्तर देणाऱ्या प्राध्यापकांपैकी तीन टक्क्यांनाही ते पात्र वाटत नव्हते. नियामक मंडळातल्या काही सदस्यांनी निवडीआधीच त्यांच्याशी खासगी भेटी घेतल्याचे उघड झाले. अमेरिकेतल्या प्राध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१६ मध्ये निवडीच्या पद्धतीवरून विद्यापीठाचा निषेध ठराव केला, तो २०१८ मध्ये उठवला. याच हॅरेल्ड यांच्या काळात विद्यापीठाची वीज, वाफ आणि पाणी यंत्रणा पन्नास वर्षांच्या कराराने खासगी कंपन्यांकडे गेली. त्याचे १.१६५ अब्ज डॉलर एकरकमी आले, हे खरे. पण अध्यक्ष २०२१ मध्ये निवृत्त झाले आणि दरवर्षीचे देणे अजून कित्येक दशके विद्यापीठाच्या अंगावर आहे.

मेरीलँडमधल्या माउंट सेंट मेरीज विद्यापीठाचे उदाहरण आमच्या जिव्हारी लागते. गुंतवणूक क्षेत्रातून आलेले सायमन न्यूमन तिथे अध्यक्ष झाले. पहिल्या वर्षाचे किती विद्यार्थी टिकतात हा आकडा वाढवायचा होता. उपाय काढला तो असा की, प्रवेशानंतर लगेच नव्या मुलांकडून प्रश्नावली भरून घ्यायची, डगमगणारी वीस-पंचवीस मुले हेरायची आणि मोजणीच्या तारखेआधीच त्यांना बाहेर काढायचे. विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राने हे छापले, दोन प्राध्यापकांना काढले गेले, आणि २०१६ च्या फेब्रुवारीअखेर अध्यक्षांना जावे लागले. आपल्याकडे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी नॅक आणि संस्थांची क्रमवारी लावणारी एनआयआरएफ असेच आकडे मागतात. नंदुरबारमधल्या अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यातून आलेली पहिल्या पिढीची मुलगी पहिल्या सत्रात डगमगणारच. आकड्यावर नजर ठेवणाऱ्याला ती ओझे वाटेल. विद्यापीठ तिच्यासाठीच आहे.

आता कामाची गोष्ट, जी मुंबईत बसून दिसत नाही. कंपनीच्या एमडीच्या हातात तीन दोर असतात : नेमणूक, पगार आणि बडतर्फी. संलग्न महाविद्यालयातल्या प्राध्यापकाबाबत कुलगुरूच्या हातात यातला एकही नाही. नेमणूक संस्था करते, पगार सहसंचालक कार्यालयातून निघतो, पदाला मंजुरी मंत्रालय देते. अभ्यासक्रम अभ्यास मंडळ आणि विद्यापरिषदेतून जातो, अंदाजपत्रक अधिसभेतून, म्हणजे सिनेटमधून. अशा ठिकाणी हुकूम चालत नाही. पेपर तपासायला माणसे येतात ती विश्वासाने आणि शरमेने. हा विश्वास वर्गात आणि कॅप केंद्रावर, म्हणजे उत्तरपत्रिका एकत्र तपासण्याच्या जागी, वर्षानुवर्षे बसून मिळतो.

निकालाचेच घ्या. कायदा म्हणतो, परीक्षा संपल्यापासून तीस दिवसांत निकाल, फार तर पंचेचाळीस. उत्तरपत्रिका केंद्रावर गोळा होतात, कोड पडतात, तपासणी, मॉडरेशन म्हणजे नमुन्याची फेरतपासणी, गुणांची नोंद, मग लेजर म्हणजे निकालाची नोंदवही. साखळी तुटते ती बहुतेक वेळा तपासणीत, कारण विषयाचा पूर्णवेळ प्राध्यापकच नसतो आणि तासिका तत्त्वावरच्या माणसाचा करार तोवर संपलेला असतो. यावर कंपनीवाला उत्तर देईल : स्कॅन करा, ऑनलाइन तपासा, टेंडर काढा. मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये नेमके हेच केले. सतरा लाखांच्या आसपास उत्तरपत्रिका एकदम स्कॅनिंगला गेल्या. आधी एखाद्या लहान परीक्षेवर चाचणी नाही, तपासनीसांना पुरेसे प्रशिक्षण नाही. पाने आणि उत्तरपत्रिका इकडच्या तिकडे झाल्या. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत हुकली आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. ते कुलगुरू प्राध्यापकच होते, हे आम्ही लपवत नाही. घात केला तो घाईने आणि कंत्राटावरच्या आंधळ्या भरवशाने. नव्या मसुद्यात हीच घाई पात्रता ठरते आहे.

आणि मंत्रिमहोदय, आमचे खरे दुखणे वेगळेच आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्याने प्राध्यापकांच्या ३,५८० जागांना परवानगी दिली. १,४९२ भरल्या आणि कोविडच्या नावाखाली भरती थांबली. उरलेल्या २,०८८ ची परवानगी पुन्हा जाहीर व्हायला २०२१ उजाडले. त्यानंतरही बिंदुनामावली म्हणजे आरक्षणानुसार जागांची यादी, ना-हरकत, पुन्हा बिंदुनामावली. नेट-सेट, पीएचडी झालेली आमची पोरे चाळिशीला आली तरी तासावर शिकवतात. सुटीत त्यांना पगार नाही, आजारपणात नाही, मानधन निघायला महिनोन्‌महिने लागतात. विभागात चार जागा मंजूर असतात आणि शिकवणारा पूर्णवेळ एक. ही स्थिती आणली कोणी? वर्षानुवर्षे पदे अडवून ठेवणाऱ्या सरकारांनीच, पक्ष कोणताही असो. आणि आता तेच सांगतात की विद्यापीठे नीट चालत नाहीत, म्हणून बाहेरचा चालक हवा. याला आम्ही अन्याय म्हणतो, आणि हे सगळे शिक्षण विकायला काढण्याची तयारी आहे, असे आम्हाला मनापासून वाटते.

उद्योगातला माणूस आणायचाच असेल तर कायद्यात पाच गोष्टी घाला. अंतिम पाच उमेदवारांनी अधिसभेसमोर खुलेपणाने मांडणी करावी आणि प्रश्नांना उत्तरे द्यावीत. त्याआधी कोणाशी खासगी भेट झाली असेल तर ती जाहीर व्हावी. प्र-कुलगुरू आणि परीक्षा संचालक दोघेही अध्यापनातून आलेले असावेत. कुलगुरूच्या पाच वर्षांच्या मुदतीपलीकडे जाणारा कोणताही करार अधिसभेच्या मंजुरीशिवाय होऊ नये, आणि कुलगुरूंच्या जुन्या कंपनीला विद्यापीठाचे काम मिळू नये.

पण त्याआधी मसुद्यावर महाराष्ट्राने आयोगाला काय कळवले, ते पत्र जाहीर करा. आणि खानदेशातल्या प्रत्येक अनुदानित महाविद्यालयात विषयवार किती पदे मंजूर, किती रिकामी, ती कोणत्या तारखेपर्यंत भरणार, याचा तक्ता आपल्या सहीने प्रसिद्ध करा. कुलगुरू कुठून आणायचा, ही चर्चा त्या तक्त्यानंतर करू.

आपले,
जळगाव-धुळे-नंदुरबार जिल्ह्यांतील प्राध्यापक