आळेफाट्याच्या अण्णा मिस्त्रींना जाहीर आभारपत्र

ती. अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या आठवड्यात पिकअपचं पहिलं फिटनेस झालं. नव्या मालवाहू गाडीला दोन वर्षांनी ते करावंच लागतं. ब्रेक, लाइट, धूर, सगळं एका दमात पास. तिथूनच तुम्हाला फोन लावला, तर आभाराचा शब्द निघायच्या आत "बरं झालं, आता हप्ते चुकवू नको" म्हणून तुम्ही फोन ठेवलात. समोर तुम्ही बोलू देणार नाही, म्हणून हे उघड पत्र. आपल्या जुन्नर तालुक्यात माझ्यासारखे नवे पिकअपवाले वाडीवाडीत झालेत, त्यांच्याही नजरेखालून गेलं तर बरंच.

२०२३ च्या जुलैत नारायणगाव मार्केटला टोमॅटोचा क्रेट दोन हजारांच्या वर गेला होता. त्या पैशातून डाउन पेमेंट भरलं आणि दसऱ्याला गाडी दारात आली. पुढं भावाचं काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. हप्ता काही भावाला विचारून येत नाही, म्हणून टोमॅटो नसतील तेव्हा दुधाचे कॅन धरले. पहाटे वस्त्यांवर फिरायचं, फर्लांग-फर्लांगाला थांबायचं, इंजिन चालू ठेवूनच कॅन चढवायचे, डेअरीवर खाली करून घर गाठायचं. गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जायचीच नाही.

दुखणं तिथूनच लागलं. डॅशबोर्डवर पिवळा दिवा आला, नळीसारखं चित्र आणि आत ठिपके. एका गॅरेजवाल्यानं गाडीखाली वाकून धुराच्या नळीवरचा, आत जाळी असलेला डबा दाखवला. म्हणाला, "हा डीपीएफ म्हणजे नुसती कटकट. आतली जाळी फोडून टाकतो, कॉम्प्युटरमधूनही नाव काढतो. दहा हजार दे आणि कायमचा निवांत हो." तिथून तुमच्याकडं आलो. वडिलांची मॅटाडोर तुमच्याच हाताखाली म्हातारी झाली होती, एवढीच ओळख.

तुम्ही बोनेटला हातही लावला नाही. आधी विचारलंत, "गाडी हायवेला शेवटची कधी पळवलीस?" मला आठवेना. "मग तुझी गाडी आजारी नाही, कोंडलीये," म्हणालात.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६, म्हणजे धुराच्या कडक नियमातल्या डिझेल गाड्यांचं गणित मला तुम्ही उभ्या उभ्या सांगितलंत. इंजिनातली काजळी बाहेर जाऊ नये म्हणून ती जाळी अडवते. जाळी भरत आली की गाडी आपली आपण ती काजळी जाळून टाकते. पण त्याला साडेपाचशे-सहाशे अंशांची धग लागते, आणि वस्तीवरच्या फेऱ्यांत ती कधी येतच नाही. जाळी फोडली तर वॉरंटी गेली, फिटनेसला धूर पकडला जाणार, आणि गाडी विकायला काढली की घेणारा आधी तिथंच वाकून बघणार. हे सांगून गॅरेज पोराच्या ताब्यात दिलंत आणि स्वतः शेजारच्या सीटवर येऊन बसलात.

पुणे-नाशिक हायवेला लागलो. चौथा गिअर, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा दोन हजारांच्या खाली येऊ द्यायचा नाही, एवढंच तुमचं सांगणं. नारायणगाव ओलांडलं तसा आवाज जरा बदलला, आत जळका वास आला. मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढणार तेवढ्यात तुम्ही माझ्या गुडघ्यावर हात दाबलात. "हेच तर पाहिजे होतं. आता थांबलास तर अर्धवट राहील." मंचरच्या अलीकडं दिवा गेला. मी चहाला थांबू म्हणालो, तर रस्त्याकडेच्या वाळक्या गवतात गाडी उभी करू दिली नाहीत. खालची नळी तापलेली असते, गवत पेटतं. घरीसुद्धा कडब्याच्या गंजीला खेटून गाडी लावायची नाही ही ताकीद त्याच दिवसाची. आणि हेही बजावलंत, की पिवळ्या दिव्यासोबत इंजिनचाही दिवा लागला तर असला पराक्रम करत बसायचं नाही, सरळ सर्व्हिस सेंटर गाठायचं.

आता आठवड्यातून एक फेरी तरी मी मुद्दाम लांबची धरतो. माळशेज उतरून कल्याणला जायचं भाडं मिळालं तर सोनंच. घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा हे वडीलही सांगायचे. चढ संपवून थांबलो की मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवायचं, टर्बोचं तेल फिरू द्यायचं, ही भर तुमची.

तेलाचं तर तुम्ही डोळेच उघडलेत. डिपस्टिकवर तेल कमी झालं की घाबरायचं एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. तुम्ही म्हणालात, वाढलेलं दिसलं तर जास्त घाबर. जाळीतली काजळी जाळायला गाडी जादा डिझेल सोडते, ते काम पुन्हा पुन्हा अर्धवट तुटलं की डिझेल उतरून तेलात मिसळतं, तेल पातळ होतं आणि बेअरिंगं खातं. शिवाय तेल स्वस्तातलं कुठलंही चालत नाही, कमी राखेचंच लागतं. तुमचं वाक्य मी डेअरीवर सगळ्यांना ऐकवतो: "काजळी जळते, राख जळत नाही." राख जाळीत बसली की बसली.

डिझेल फिल्टरच्या बुडाची चावी सैल करून पाणी कसं काढायचं तेही दाखवलंत. पहिल्यांदा काढलं तेव्हा स्टीलच्या वाटीत खाली पाण्याचा थर आणि वर डिझेल, स्पष्ट दोन रंग. पावसाळ्यात ड्रममधलं डिझेल भरलं की हे असं होतं. आताच्या इंजेक्टरांत हजार बारच्या वर दाब असतो, तिथं पाण्याचा थेंबही परवडत नाही. जुन्या पंपाच्या गाड्या रॉकेलही पचवायच्या, ते दिवस गेले, असं म्हणून तुम्ही उगाच फडक्यानं हात पुसत बसलात.

भराईवरून मात्र मी तुमच्याशी भांडलो होतो. तुम्ही पाठकोऱ्या कागदावर आरसी बुकावरून पासिंग, म्हणजे गाडीत भरायला परवानगी असलेलं वजन, काढलंत पंधराशे किलो. वीस किलो टोमॅटो, दोन किलोचा क्रेट, म्हणजे अडुसष्ट क्रेट झाले की बस. बाकीचे शंभर चढवतात, मी काय येडा आहे का, असं म्हणालो. तुम्ही दंड सांगितलात: ओव्हरलोडला वीस हजार, वर जादा टनामागं दोन हजार. मग पाट्यांचे बुश, क्लच, मागचे टायर यांचा हिशेब त्याच पाठकोऱ्या कागदावर मांडलात. अजूनही हंगामात जीव खालीवर होतो, खोटं कशाला बोलू. पण शंभरवाल्या दोघांचे पाटे तुटलेले मी फाट्यावरच पाहिलेत.

अण्णा, खरं सांगायचं ते आता सांगतो. तुमच्या गॅरेजला गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर नाही. कॉमन रेल, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी डिझेल इंजिनं आल्यापासून तुमच्याकडं येणाऱ्या गाड्या कमी झाल्या, हे सगळा फाटा जाणतो. तरी हाताशी आलेलं गिऱ्हाईक तुम्ही, "वॉरंटी आहे तोवर माझ्याकडं येऊ नको, सर्व्हिस कंपनीतच कर, बिलं जपून ठेव," असं सांगून परत पाठवलंत. हवा, ग्रीस, एअर फिल्टर झाडणं, ही कामं मला शिकवून तुम्ही स्वतःचीच कमाई घालवलीत. मंचरच्या फेरीचे शंभर रुपये घेतलेत, तेही मी खिशात कोंबले म्हणून नाही, तुम्ही मागून घेतलेत. ते मला फार आवडलं.

वॉरंटी पुढच्या दसऱ्यापर्यंत आहे. तिथून पुढं गाडी तुमची. मेव्हण्यानं ओतूरला नवी पिकअप बुक केलीये आणि तोही दुधाच्याच फेऱ्या धरणार म्हणतो. रविवारी त्याला घेऊन येतो. त्याच्याकडूनही शंभर घ्या.

तुमचा,
दुधाचा पिकअपवाला