आधी चित्र, मग फलक

‘संग्रहालयाची सहल की चित्रकलेचा तास?’ हा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. मुलांना एकाच वस्तूपुढे अर्धा तास वही देऊन बसवणे म्हणजे वेळ दवडणे, हे मत पटले नाही. मी इतिहास शिकवते. चित्रकलेत माझा स्वतःचा हात यथातथाच आहे.

मातीच्या एका जुन्या मडक्याचे चित्र काढताना एका मुलाने काठ अगदी गोल गरगरीत काढला. समोरचा काठ एका बाजूला झिजलेला होता. ‘पुन्हा बघ,’ एवढेच मी म्हटले. मग त्याला बुडाशी एकाच अंगाला धरलेली काजळी दिसली आणि त्याने विचारले, ‘हे विस्तवावर कलते ठेवत असतील का?’ माहितीफलकावर काजळीचा उल्लेखही नव्हता. मुले आधी डोक्यातले मडके काढतात. पेन्सिल अडली की मगच नजर समोरच्या मडक्यावर जाते.

लेखकाने सुचवलेला मोबाइलच्या फोटोचा पर्याय सोपा खरा. पण अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, संग्रहालयातील ज्या वस्तूंचे पूर्ण छायाचित्र घेतले, त्या नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी लक्षात राहिल्या.

सुबकतेला गुण देऊ नयेत, हे लेखकाचे म्हणणे मात्र रास्त आहे. आम्ही चित्राशेजारी वस्तूबद्दल पडलेला एक प्रश्न लिहायला सांगतो आणि तपासतो तो प्रश्नच.

– एक शिक्षिका