धूम्रपान कक्षाच्या दाराशी उदबत्ती धरून बघा

मा. संपादक,

हॉटेल आणि बारमध्ये धूम्रपानबंदी करावी की नाही, यावर सध्या शहरात तावातावाने बोलले जात आहे. मुळात ही बंदी 2 ऑक्टोबर 2008 पासून लागू आहे. वादाला जागा आहे ती एकाच सवलतीत: तीस किंवा अधिक आसनांचे उपाहारगृह किंवा तीस खोल्यांचे हॉटेल असेल तर वेगळा धूम्रपान कक्ष ठेवता येतो. वीस-पंचवीस खुर्च्यांच्या परमिट रूमला तीही नाही. आणि 'गच्चीवर चालतं हो' हे सर्रास सांगितले जात असले, तरी नियमांत उपाहारगृहाच्या व्याख्येत भोवतालची मोकळी जागाही येते.

आता कक्षाचे. चारही बाजूंना छतापर्यंत भिंती, आपोआप बंद होणारे दार, धूर थेट इमारतीबाहेर आणि आतला हवेचा दाब बाकीच्या जागेपेक्षा कमी, अशा अटी आहेत. कक्ष येण्याजाण्याच्या दाराशी नको आणि आत खाणेपिणे देणेही नको. म्हणजे चखण्याची बशी आत गेली की तो कक्ष नियमबाह्य झाला. प्रत्यक्षात काच फॉल्स सीलिंगपर्यंतच असते. वरच्या पोकळीतून धूर शेजारच्या फॅमिली सेक्शनमध्ये उतरतो. डोअर क्लोजरचा स्क्रू सैल केलेला असतो, नाहीतर वेटरला ट्रे घेऊन जाता यावे म्हणून दाराखाली पुठ्ठ्याची घडी सरकवलेली असते.

खरी गोम दाबात आहे. दहा बाय बारा फुटांची, नऊ फूट उंचीची खोली आणि आत आठ माणसे धरा. माणशी 60 सीएफएम (मिनिटाला 60 घनफूट हवा) हा वातानुकूलनातला जुना आकडा घेतला तर 480 सीएफएम हवा बाहेर टाकावी लागते. म्हणजे साधारण सव्वादोन मिनिटांत खोलीतली सगळी हवा बदलायला हवी. आत सोडायची ती 400, उरलेली 80 दाराच्या फटीतून हॉलमधून ओढली जावी, म्हणजे दाब कमी राहतो. भिंतीतल्या नऊ इंची पंख्याला हे झेपत नाही. खोक्यावर छापलेली क्षमता मोकळ्या हवेतली असते. पुढे पंधरा फूट डक्ट, म्हणजे हवा नेणारी नळी, आणि दोन बेंड जोडले की पंखा नुसता गरगरतो. तिथे ब्लोअरच लागतो. स्प्लिट एसी तर तीच हवा गार करून परत देतो, धूर कुठेच जात नाही.

एवढे करूनही भटारखान्याची चिमणी घात करते. मध्यम भटारखान्यात ती सहज तीन-चार हजार सीएफएम ओढते. तेवढी ताजी हवा आत सोडायची तर एसीचे बिल वाढते, म्हणून फ्रेश एअरचा ब्लोअर बहुतेक ठिकाणी बंदच असतो. मग अख्ख्या हॉलचा दाब धूम्रपान कक्षापेक्षा खाली जातो आणि धूर दाराखालून जेवणाच्या टेबलांकडे येतो. मालकाला वाटते पंखा बिघडला. पंखा ठीक असतो, हवेचा हिशेब चुकलेला असतो.

हे तपासायला यंत्र लागत नाही. दार बंद करून बाहेरून त्याच्या खालच्या फटीशी पेटलेली उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर ठीक. हॉलकडे वळला तर कक्ष निकामी. दार उघडताना दाब मोडतो तो मोडतोच, म्हणून माझ्या मते ही सवलतच काढून टाकावी. ती राहणार असेल तर निदान चाचणी लावा.

दंडाबद्दल थोडेसे. ओढणाऱ्याला 200 रुपयांपर्यंत दंड. तक्रार होऊनही मालक गप्प बसला तर जितके गुन्हे तितका दंड त्याच्यावर. शेजारच्या कर्नाटकाने ही 200 रुपयांची मर्यादा 1000 रुपयांवर नेली आहे. टेबलावर अ‍ॅशट्रे, काडेपेटी, लायटर ठेवायलाही मनाई आहे. म्हणून तर ओला टिश्यू घातलेली वाटी किंवा कापलेली पाण्याची बाटली पुढे येते. अशी वाटी दिसली की पुरावा शोधत बसायची गरज नाही. तक्रार कोणाकडे करायची त्याचे नाव लावणे बंधनकारक आहे, पण तो फलक हटकून फ्रीजच्या मागे असतो.

पोलीस आणि अन्न व औषध प्रशासनाला एवढीच विनंती, की पाहणी रात्री नऊनंतर, चिमणी आणि तंदूर चालू असताना करावी. सकाळी अकराला भटारखाना थंड असतो, तेव्हा उदबत्तीचा धूर कुठल्याही हॉटेलात बरोबर दिशेनेच जातो.

आपला,
वातानुकूलनाच्या कामातील एक वाचक, पुणे