ढाळजेतली कागदपत्रं

परभणी, रविवार

चि. अंजलीस अनेक आशीर्वाद.

फोनवर सांगायला गेलं की तू ‘माहितीये बाबा’ म्हणून मोकळी होतेस, म्हणून लिहितोय.

परवा सेतूवर एक काका पीकविम्याला आले. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली, उघडली, तवापासून बॅटरी दुपारीच संपते म्हणाले. पाहतो तर पत्रिकेच्या नावापुढं ‘एपीके’. पत्रिका कसली, ॲप होतं ते. त्याला ‘सर्व फाइल्स’ची परवानगीही देऊन बसलेले.

असलं ॲप आपले फोटो बघत बसत नाही गं. आधी नुसती यादी करतं. कुठल्या फोल्डरात काय, नाव काय, कधीचं. पीडीएफ, जेपीजी असं शेपूट बघतं, ‘आधार’, ‘पासबुक’ असली नावं हुडकतं. यादी चोराकडं जाते, मग तो हवं ते उचलतो.

अँड्रॉइडात प्रत्येक ॲपची खोली वेगळी, एकाला दुसऱ्याच्या खोलीत सहसा शिरता येत नाही. पण डाउनलोड, कॅमेऱ्याचे फोटो, व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइली म्हणजे आपल्या जुन्या वाड्याची ढाळज, दाराजवळची येणाऱ्याजाणाऱ्यांची बैठक. २०२० च्या अँड्रॉइड ११ पासून तिलाही बरीच कडी घातलीय. पण ‘सर्व फाइल्स’चं बटण दाबून ती आपणच काढली तर?

फाइलीचं नाव बदललं की झालं, असं मलाही वाटायचं. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्की या अँटीव्हायरसवाल्या कंपनीनं ‘स्पार्ककॅट’ नावाचा चोरटा प्रोग्राम उघडकीला आणला. तो गॅलरीतल्या फोटोंवरची अक्षरंच वाचतो, क्रिप्टो वॉलेटचे, म्हणजे डिजिटल चलनाच्या पाकिटाचे, परवलीचे शब्द हुडकायला. प्ले स्टोअर, ॲप स्टोअरवरच्या ॲपांतसुद्धा निघाला! तुझा तो वहीतल्या पासवर्डांचा फोटो आठवला बघ, गॅदरिंगच्या फोटोंच्या मधोमध.

तुला बोलायला मला तरी कुठं तोंड आहे म्हणा. माझ्याच डाउनलोडमध्ये तीन वर्षांची लोकांची आधार कार्डं, सातबारे, पासबुकं निघाली. ‘व्हॉट्सॲप करा, छापून देतो’ म्हणता म्हणता साठली. सकाळपासून पुसत बसलोय. तुझी आई म्हणते, दिवाळीची झाडलोट औंदा लवकरच काढली.

काकांचे पैसे गेले नव्हते, नाहीतर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० लाच फोन लावावा लागला असता. तू सेटिंगमध्ये ‘स्पेशल ॲप ॲक्सेस’ उघड, ‘सर्व फाइल्स’ खाली कोण कोण बसलंय ते मला कळव. आणि तो वहीचा फोटो रिसायकल बिनमधूनही काढ. माझं बिन अजून भरलेलंच आहे, जेवून उठलो की बघतो.

तुझे
बाबा